यॉर्कशर डेल्समधली क्लबची रविवारची राईड: 120 मैल आणि फाट्यावरून न हलणारा मार्कर

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर एखाद्या मोटरसायकल क्लबबरोबर निघायचं असेल, तर आयोजकांना पहिला प्रश्न एकच विचारायचा: प्रत्येक फाट्यावर माणूस उभा करता ना? वेग किती, जेवण कुठे, बाइक कोणती चालेल, हे सगळं त्यानंतर. यॉर्कशर डेल्समधल्या (उत्तर इंग्लंडमधला डोंगर-खोऱ्यांचा भाग) ज्या राईडचं हे परीक्षण आहे, तिथे या प्रश्नाचं उत्तर ठाम "हो" असं आहे. पाचपैकी चार तारे दिले आहेत ते मुख्यतः त्यासाठी. पाचवा का दिला नाही, ते पुढे येईलच.

राईड स्किप्टनहून सुरू होते आणि तिथेच संपते. आधी ए65 या रस्त्याने सेटल, इंगल्टन करत कर्बी लॉन्सडेलचा डेव्हिल्स ब्रिज. तिथून ए683 ने सेडबर्ग (तिथले लोक नुसतं 'सेडबर' म्हणतात, रस्ता विचारताना लक्षात ठेवा). मग ए684 ने गार्सडेलमधून हॉज, तिथे जेवण. हॉजहून बटरटब्सचा घाट चढून स्वेलडेलमध्ये उतरायचं, थ्वेट, म्यूकर, गनरसाइड, रीथ अशी गावं घेत माळावरून लेबर्न. शेवटी बी6160 ने बिशपडेल चढून व्हार्फडेल उतरत थ्रेशफील्ड, आणि तिथून बी6265 ने परत स्किप्टन. एकूण सुमारे 120 मैल, म्हणजे 190 किलोमीटरच्या आसपास. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण या रस्त्यांवर ताशी सरासरी 35 मैलांच्या वर जात नाही. सकाळी साडेनऊला निघालेला गट थांबे धरून पाचला परत येतो. बटरटब्स, म्यूकर, रीथ, लेबर्न आणि व्हार्फडेल हा भाग 5 जुलै 2014 रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात होता. कुठे कुठे रस्त्यावर त्या वेळी रंगवलेली अक्षरं अजून पुसट दिसतात.

दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ठेवली आहे आणि ती बरोबर आहे. ए65 हा लेक डिस्ट्रिक्टकडे जाणारा मोठा रस्ता. रविवारी सकाळी तो मोकळा मिळतो, संध्याकाळी मात्र लीड्सकडे परतणाऱ्या गाड्या आणि कॅराव्हॅन यांनी तुंबतो. राईड उलटी फिरवली तर दमलेल्या हातांनी त्या रांगेत अडकावं लागतं.

आता फाट्यावरच्या माणसाबद्दल. इंग्लंडमधले बरेच क्लब 'ड्रॉप-ऑफ' पद्धतीने राईड चालवतात. सगळ्यात पुढे लीडर, सगळ्यात मागे टेल, आणि टेलच्या अंगात भडक केशरी किंवा पिवळं जाकीट. फाटा किंवा राउंडअबाउट आलं की लीडर डाव्या हाताने कडेची एक जागा दाखवतो आणि त्याच्या मागचा, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा रायडर तिथे थांबतो. हा मार्कर. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा इंडिकेटर चालू ठेवायचा, हाताने दिशा दाखवायची आणि टेल दिसेपर्यंत तिथेच राहायचं. टेल आला की तो मागे थांबून मार्करला आपल्या पुढे घेतो. पुढच्या फाट्यावर त्या वेळी दुसरा असेल तो थांबतो. त्यामुळे कुणाला पुढच्याची पाठ धरून पळावं लागत नाही. समोर कुणीच दिसत नसेल तर सरळ जायचं. वळायचं असतं तर तिथे माणूस उभा असता, हा विश्वास पक्का बसला की हळू चालवणाऱ्याच्या मनातली धास्ती जाते. गटात अपघात होतो तो कित्येकदा या धास्तीपोटी. मागे पडलेला रायडर स्वतःच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने वळणात घुसतो, कारण पुढचे दिसेनासे झालेले असतात.

पद्धत साधी आहे, पण ती मोडते कुठे हे माहीत हवं. मार्कर फाटा ओलांडून पलीकडे थांबला तर मागच्यांना तो वळून गेल्यावरच दिसतो. जागा फाट्याच्या अलीकडे, लांबून दिसेल अशी आणि बाकीच्या गाड्यांना आडवी न येणारी हवी. गडग्याच्या कोपऱ्याला चिकटून थांबणं सगळ्यात वाईट. दुसरी चूक म्हणजे कंटाळून निघणं. गट लांबला की पाच मिनिटंही फार वाटतात, दोन-तीन अनोळखी बाइक जातात, मार्करला वाटतं सगळे गेले. टेल आला नाही तर पंधरा मिनिटं झाली तरी हलायचं नाही. लीडर पुढे थांबून शेवटी उलटा येतोच, आणि मार्कर जागेवर असेल तरच गट परत जुळतो. तिसरी चूक आपसातल्या ओव्हरटेकची. लीडरच्या पुढे आणि टेलच्या मागे जायचं नाही हे सगळे पाळतात, पण मधले लोक जागा बदलत राहिले की दुसरा नेमका कोण हे फाट्यावर ठरत नाही आणि दोघेही थांबतात किंवा कुणीच थांबत नाही.

या क्लबने हे निघण्याआधी सात-आठ मिनिटं नीट समजावून सांगितलं. टेलचं जाकीट दाखवलं, लीडरचा फोन नंबर प्रत्येकाला लिहून घ्यायला लावला. इंटरकॉम असलेल्यांनाही "मार्कर महत्त्वाचा, गप्पा नंतर" अशी ताकीद दिली. तेही योग्यच. गार्सडेल आणि स्वेलडेलच्या खोल भागांत मोबाइलची रेंज जाते, आणि इंटरकॉम दोन टेकड्यांपलीकडे पोचत नाही.

पाचवा तारा गेला तो गटाच्या आकारामुळे. अठरा बाइक एकाच गटात सोडल्या. हायवे कोडप्रमाणे (ब्रिटनचं वाहतूक नियमांचं अधिकृत पुस्तक) कोरड्या रस्त्यावर दोन बाइकमध्ये किमान दोन सेकंदांचं अंतर हवं, ओल्यावर त्याच्या दुप्पट. ताशी 60 मैल वेगाला दोन सेकंद म्हणजे सुमारे 54 मीटर. अठरा बाइकमध्ये सतरा अंतरं, म्हणजे रांग 900 मीटरपेक्षा लांब. ती कुठल्याच मोटारवाल्याला एका दमात ओलांडता येत नाही. तो मध्ये घुसतो, आणि तिथून पुढे गटाचे दोन तुकडे होतात. पेट्रोलचंही तेच. गावातल्या लहान पंपावर माणशी दोन-अडीच मिनिटं धरली तर अठरा जणांत अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेलाच. नऊ-नऊचे दोन गट पंधरा मिनिटांच्या फरकाने सोडले असते तर हे सगळं मिटलं असतं.

मात्र गट लहान केला की नवख्या रायडरवरचा ताण वाढतो. मार्कर प्रत्येक वेळी टेलच्या पुढे येऊन मिसळतो, त्यामुळे त्याच्या पुढचा प्रत्येक जण एकेक जागा वर सरकतो. अठरांच्या गटात टेलच्या लगेच पुढे असलेला माणूस पंधरा फाट्यांनंतर लीडरच्या मागे येतो, म्हणजे जवळजवळ दिवस संपताना. आठांच्या गटात तो पाचच फाट्यांत तिथे पोचतो आणि लीडरच्या वेगाने चालवायचं दडपण सकाळीच त्याच्यावर येतं. यावर उपाय आहे. नवखे कोण हे लीडरला आधी सांगायचं आणि फाट्याआधी लीडरने आरसा पाहून वेग उतरवायचा. किंवा नवख्याला मार्कर न करता त्याच्या मागच्याला थांबायला सांगायचं, आणि तशी खूण आधीच ठरवून ठेवायची. क्लबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने "मला मार्कर करू नका" असं सांगण्यात काही कमीपणा नाही.

आपल्याकडे हायवेवर गट चालवताना झिगझॅग रांग धरायची सवय असते. इथे ती फक्त सरळ, रुंद रस्त्यावर. वळणांच्या रस्त्यावर प्रत्येकाने स्वतःची रेघ स्वतः धरायची, कारण डावीकडच्या वळणात रस्ता लवकर दिसावा म्हणून बाइक मध्याकडे, आणि उजवीकडच्या वळणात डाव्या कडेकडे न्यावी लागते. झिगझॅगमध्ये अडकलेला माणूस हे करू शकत नाही.

रस्ते आता जरा जवळून बघू. कर्बी लॉन्सडेल ते सेडबर्ग हा ए683 चा सुमारे 11 मैलांचा तुकडा सगळ्या राईडमध्ये सगळ्यात लयीचा आहे. ल्यून नदीच्या काठाने एकापाठोपाठ एक मोकळी वळणं. दुभाजक नसलेल्या अशा रस्त्यावरची कमाल मर्यादा ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 97 किलोमीटर. ती मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. वेग ठरवायचा तो रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळालेल्या दिसतात त्या बिंदूवरून. तो बिंदू आपल्याकडे येत असेल तर वेग उतरवायचा, लांब जात असेल तर थ्रॉटल उघडायचा, आणि जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात, आपल्याच बाजूला थांबता आलं पाहिजे. गावात शिरताना मर्यादा 30 वर, काही ठिकाणी 20 वर येते. पाटी दिसल्यावर नाही, तर पाटीला पोचेपर्यंत वेग खाली आलेला हवा. वेग मोडल्याचा दंड किमान 100 पौंड आणि लायसन्सवर 3 पेनल्टी पॉइंट.

गार्सडेलमधला ए684 दिसायला मोठा, चालवायला खडबडीत. नदीवरचे अरुंद पूल अचानक येतात, पुलाच्या कमानीवर बाइक हलकी होते. तिथे ब्रेक धरून चढू नका. वेग आधी उतरवा आणि थ्रॉटल एकसारखा ठेवा.

बटरटब्सची उंची 526 मीटर. हॉजकडून चढ तीव्र आहे, वर उघडा माळ, आणि थ्वेटकडे उतरताना एका बाजूला खोल दरी. माथ्याजवळ रस्त्याला लागूनच चुनखडीतले उभे खड्डे आहेत, काही वीसेक मीटर खोल. हॉजच्या बाजाराला निघालेले शेतकरी उन्हाळ्यात विसाव्याला थांबले की लोणी गार राहावं म्हणून या खड्ड्यांत सोडत, अशी नावामागची आख्यायिका आहे. घाटात गडगे संपतात आणि मेंढ्या रस्त्यावर येतात. एप्रिल-मेमध्ये कोकरं असतात. मेंढी एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर कोकरू रस्ता ओलांडणारच, असं धरून चालायचं. बाइक जवळ आली की ते आईकडेच पळतं.

मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी दांड्यांच्या कॅटल ग्रिड बसवलेल्या असतात. ही जागा नवख्यांना घाबरवते. दांड्यांच्या फटी चाक अडकण्याइतक्या मोठ्या नसतात, धोका असतो तो ओल्या लोखंडावर कललेली बाइक घसरण्याचा. ग्रिडच्या आधी ब्रेक सोडलेला हवा, बाइक अगदी उभी, दांड्यांना काटकोनात, थ्रॉटल स्थिर, हात सैल. वरून जाताना हँडल दोन-तीन वेळा थरथरतं, ते थरथरू द्यायचं. घट्ट धरलं तर तीच थरथर बाइकभर पसरते. मोकळ्या माळावरून उतारावर येताना ग्रिड बऱ्याचदा वळणाच्या तोंडाशीच असते, म्हणून पाटी दिसताक्षणी कामाला लागायचं.

त्याखेरीज सावध राहायच्या गोष्टी: भेगा बुजवायला ओतलेले डांबराचे पट्टे, जे पावसात साबणासारखे होतात. उन्हाळ्यात नव्याने अंथरलेली बारीक खडी, जिथे 20 मैलांची तात्पुरती पाटी असते आणि ती खरोखर पाळायची असते. शेताच्या फाटकाजवळचा ट्रॅक्टरचा चिखल. आणि घोडेस्वार. घोड्याला ताशी 10 मैलांच्या आत, किमान 2 मीटर जागा सोडून ओलांडायचं, हॉर्न नाही, इंजिन रेव्ह नाही. अठरा बाइक एकामागून एक गेल्या तर दहाव्याला घोडा बिथरतो. त्यामुळे स्वाराने हात केला तर सगळ्यांनी थांबायचं. हॉर्नचा वापर एकंदरीतच इथे फार कमी. रस्ता दिला म्हणून आभार मानायचे ते पाय किंचित बाहेर काढून, आणि समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला मान हलवून. उजवा हात थ्रॉटलवर असतो म्हणून ही पद्धत. डावीकडून चालणाऱ्या आपल्यालाही ती लगेच अंगवळणी पडते.

थांब्यांबद्दल थोडक्यात. डेव्हिल्स ब्रिज हा मध्ययुगीन दगडी पूल आहे, 1932 मध्ये शेजारी नवा पूल झाल्यापासून वाहनांना बंद. रविवारी तिथे बाइकवाल्यांची जत्रा भरते. चहाच्या गाडीवर बेकन रोल हा तिथला धर्म. मांस खात नसाल तर अंड्याचा रोल किंवा फ्लॅपजॅक (ओट्सची गोड वडी) यावर भागवावं लागतं, पोटभर खायचं ते हॉजसाठी राखून ठेवा. साइड स्टँड टेकताना जमीन पाहा. गवतावर किंवा मऊ मातीवर स्टँड रुतून बाइक आडवी होते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. चपटी केलेली डबी किंवा प्लास्टिकची चकती खिशात हवीच. हॉजमध्ये एकला पोचलो तर रस्त्याकडेची जागा भरलेली असते, साडेबाराला पोचलं तर मिळते. या राईडमध्ये डेव्हिल्स ब्रिजवर पाऊण तास घालवल्याने हॉजला उशीर झाला, तिथला वेळ अर्ध्या तासावर आणावा. हॉजचं वेन्सलीडेल चीज फ्रूट केकच्या तुकड्याबरोबर खायची यॉर्कशरची रीत आहे. आंबटसर, चुरा होणारं चीज आणि मनुकांचा केक, ही जोडी एकदा खाऊन बघाच.

पेट्रोल निघताना भरलेलं हवं. रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर 650 च्या 13.7 लिटरच्या टाकीला ही फेरी सहज पुरते, पण हार्लीच्या फोर्टी-एटसारखी 7.9 लिटरची टाकी असली तर हॉजमध्ये भरावंच लागतं. गटाचा पेट्रोल-थांबा सगळ्यात लहान टाकीवरून ठरतो. सप्टेंबर 2021 पासून इथलं साधं पेट्रोल ई10 (10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या बुलेट किंवा ट्रायम्फसाठी ई5 सुपर घ्या, नाहीतर इथेनॉल रबरी नळ्या आणि सील खातं. टायरवर मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत किमान 1 मिलिमीटर नक्षी कायद्याने हवी, पण ओल्या डेल्ससाठी 2 च्या खाली असेल तर टायर बदलूनच या. हवा थंड टायरवर तपासा, घरून निघण्याआधी.

महाराष्ट्रातून फिरायला येणाऱ्यांना दोन गोष्टी. भारतीय लायसन्सवर गिअरच्या मोटरसायकलची नोंद असेल तर पाहुणा म्हणून 12 महिने इथे चालवता येतं. भाड्याची बाइक घेताना वयाची अट, डिपॉझिट आणि विम्यातली स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम आधी लेखी घ्या. दुसरी गोष्ट थंडीची. ताम्हिणीत पावसात दिवसभर भिजूनही माणूस फारसा गारठत नाही, कारण तो पाऊस कोमट असतो. इथे मे महिन्यातही बटरटब्सवर पारा दहाच्या खाली असू शकतो, त्यात पाऊस आणि ताशी 50 मैलांचा वारा. बोटं आधी बधिर होतात, मग ब्रेकचा अंदाज जातो. जलरोधक ग्लोव्हज, आत थर्मल, रेनसूट वरच्या वर हाताशी, आणि हेल्मेटच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून पिनलॉक, हे चारही हवेच. हातमोजे एकच जोडी आणली तर जेवणानंतर ओले घालावे लागतात, म्हणून दोन आणा.

रीथहून लेबर्नकडचा माळ लष्कराच्या गोळीबार सरावाच्या भागाला लागून आहे. लाल निशाण फडकत असेल तर रस्ता सोडून फोटोसाठी आत पाऊल टाकू नका. लेबर्ननंतर गाड्या वाढतात, वेस्ट विटनमध्ये रस्ता अरुंद होतो, आणि थकवा नेमका इथे दिसायला लागतो. लीडरने इथे वेग मुद्दाम उतरवला, दहा मिनिटांचा पाण्याचा थांबा घेतला, आणि त्याबद्दल त्याचं मनापासून कौतुक. किडस्टोन्सचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकपेक्षा इंजिनवर. पुढे बकडेन, केटलवेल, आणि किल्न्सीचा रस्त्यावर झुकलेला चुनखडीचा कडा. संध्याकाळचं ऊन त्या कड्यावर असतं तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे जातात. रस्ता मात्र तिथे गडग्यांमधून वळत असतो.

वर्षात कधी जावं? जूनमध्ये. म्यूकरची कुरणं फुललेली असतात, कोकरं मोठी होऊन शहाणी झालेली असतात आणि दिवस साडेनऊपर्यंत उजेडाचा. ज्यांना गाडी हातात येऊन वर्ष झालेलं नाही, त्यांनी आधी पोलिसांच्या बाइकसेफसारख्या दिवसाला जावं, तिथे अनुभवी रायडर मागे राहून चूक कुठे होते ते दाखवतो.

स्किप्टनच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर बरेच जण हेल्मेट काढून निरोप घेऊ लागतात. लीडर मात्र हेल्मेट डोक्यावर ठेवूनच उभा होता, रस्त्याकडे तोंड करून, बोटांवर बाइक मोजत. सतरावी आली, तिच्यामागे केशरी जाकीट आलं, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं.